गादी मालकासमोर उसवावी

जानेफळचा बशीर पिंजारी मालक समोर उभा असल्याशिवाय कोणाचीही गादी उसवत नसे. मालक घरी नसेल तर मालकीण चाले, ती शेतात गेली असेल तर घरातलं एखादं जाणतं माणूस चाले, पण समोर कोणीतरी लागेच. कोणीच नसलं तर "वापस येतो" म्हणून सायकल वळवायचा आणि खरंच दुसऱ्या दिवशी परत यायचा. आधी अंगणात चादर अंथरायची, मग चारी बाजूंची शिवण उसवून खोळ पसरायची, आतली गोळे झालेली रुई मालकाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "हे पाहा, असं होतं. आता पिंजल्यावर पाहा." बंद दाराआड उसवलेल्या गादीतून किती रुई निघाली आणि किती परत भरली, असा संशय एकदा गावात शिरला की पिंजाऱ्याचा धंदा बसलाच. त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं होतं, आणि बशीरनं ते कलम्यासारखं पाळलं.

आठवडी बाजारात काही जण खोळीला कोपऱ्यात भोक पाडून नवी रुई आत कोंबून द्यायचे. वरून गादी फुगलेली दिसे, आत गोळे तसेच. त्यांचं नाव काढलं की एरवी शांत असलेल्या बशीरच्या तोंडून शिव्या निघत. हे सगळं आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

माझं नाव शेषराव. कृषी सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. शेतकऱ्याला वाटे हा सरकारचा माणूस, सरकारला वाटे हा शेतकऱ्याचा. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मी पोटभर खाल्ल्या. बशीरचं घर माझ्या घराला लागून. मधली भिंत इतकी बुटकी की माझी बायको कौशल्याबाई आणि त्याची फातिमा तिच्यावरून वाट्यांची देवाणघेवाण करत. त्यांच्या घरात त्यांची आपली बोली चाले, आमच्याशी मात्र दोघंही अस्सल वऱ्हाडी बोलत. एकुलती मुलगी रुबिना लग्न होऊन शेगावला गेलेली. नवरा-बायकोनं काम वाटून घेतलं होतं. पिंजायचं काम आणि गाद्या बशीरच्या, उशा फातिमाच्या. ती ओट्यावर बसून बोलता बोलता उशी भरून टाके घालून मोकळी व्हायची, आणि आम्ही तिकडं कधी नीट लक्ष दिलं नाही.

दोन हजार सतराचा हंगाम आमच्या भागात कोणी विसरणार नाही. बीटी कपाशी आली तेव्हा आता बोंडअळी संपली असंच सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी येई, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून ती शेताच्या कडेनं लावा, असं सांगून मी घसा कोरडा केला. लोकांनी पुड्या बांधावर फेकल्या. त्या वर्षी गुलाबी अळी आली आणि तिनं हिशेब चुकता केला. पंचनाम्याला मी शेताशेतानं हिंडत होतो. एकदा बशीर सोबत आला. या वर्षी रुई पिवळी आणि तुटकी का येते, हे त्याला बघायचं होतं. मी एक हिरवंगार टपोरं बोंड तोडून त्याच्या हातात दिलं.

"सांग बशीरभाई, कसं आहे?"

"मस्त आहे की सायेब."

मी ते अंगठ्यानं फोडलं. आत सगळं किडलेलं, आणि मधोमध गुलाबी अळी आरामात पसरलेली. "बारीक छिद्रातून आत जाते," मी म्हणालो, "मग छिद्र बुजून जातं. वरून काय कळतंय? उघडून बघितल्याशिवाय काही खरं नाही." हे वाक्य मी त्या महिन्यात शंभर जणांना ऐकवलं असेल. मला ते फार आवडायचं.

त्या हिवाळ्यात गावातली निम्मी लग्नं पुढं गेली. लग्न नाही तर नवी गादी नाही. बशीरच्या शेडमधलं पिंजायचं मशीन आठवड्यातून दोन दिवस चाले, बाकी दिवस तो दारात बसून राही. त्यामुळेच असेल, त्याचं फातिमाकडं लक्ष गेलं. ती ओट्याच्या दोन पायऱ्या चढली तरी थांबे. चेहरा पांढुरका झालेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकत. शौचातून रक्त जाई, पण मूळव्याध असेल म्हणून तिनं सात-आठ महिने कोणाला सांगितलंच नव्हतं. मेहकरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मी डिसेंबरअखेर निवृत्त झालो होतो आणि मला काही उद्योग नव्हता. म्हणून मी सोबत गेलो. तिथं आठ दिवस तपासण्या झाल्या आणि निदान झालं, की मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ आहे, सुदैवानं दुसरीकडं पसरल्याचं स्कॅनमध्ये दिसत नाही, ऑपरेशन करावं लागेल.

बशीरनं ते ऐकलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझा हात धरून सांगितलं, "तिले सांगू नका सायेब. आतड्याले सूज आहे म्हनून सांगू." मीही मान डोलावली. आपल्याकडं ज्याचं दुखणं असतं त्यालाच ते सांगत नाहीत, आणि त्याला आपण माया म्हणतो.

तिथं डॉक्टर पूनम म्हणून एक तरुण सर्जन होत्या. आमच्याच बुलढाण्याच्या. त्यांनी आम्हा दोघांना एका खोलीत बसवून कागदावर पोटाचं चित्र काढलं. एक पद्धत अशी, की पोटाच्या मधोमध वीतभर चीर द्यायची, पोट उघडायचं आणि आतड्याचा तेवढा भाग कापून उरलेली टोकं जोडायची. दुसरी पद्धत दुर्बिणीची. पोटाला चार बारीक छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब हत्यारं, आणि पडद्यावर बघत तेच काम करायचं. सरकारी योजनेच्या खर्चात दोन्ही बसत होतं, दोन्ही त्यांच्याकडे होत होतं, आणि या गाठीला दोन्ही चालण्यासारखं होतं.

"दुर्बिणीनं दुखणं कमी, माणूस लवकर उठतो," त्या म्हणाल्या. "आणि अजून एक गोष्ट आम्ही इथे अभ्यासतोय. ऑपरेशनच्या आधी, दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी पेशंटचं थोडं रक्त घेतो. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतू आला, एखादी बिघडलेली पेशी दिसली, तर त्या तिला धरतात. मोठी जखम झाली की सगळं शरीर त्या जखमेकडे धावतं. गावात एका घराला आग लागली की सगळे बादल्या घेऊन तिकडे पळतात ना, मग वेशीवर कोण उरतं? काही दिवस पहारा ढिला पडतो. छिद्रं लहान असली तर तो कमी ढिला पडतो, असं रक्तात दिसतं."

"म्हनजे छिद्रातून केलं तर कॅन्सर वापस येत नाई?" बशीरनं विचारलं.

"तसं नाही म्हणता येत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खरेपणाचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं. "मोठमोठ्या अभ्यासांत पेशंटांना वर्षानुवर्षं पाहिलंय. कॅन्सर परत येण्यात दोन्ही पद्धतींत फारसा फरक दिसला नाही. रक्तातला फरक काही दिवसांचा असतो. त्या काही दिवसांचा पुढे किती परिणाम होतो, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही."

बशीरनं त्या चित्रावरच्या चार टिंबांवर बोट ठेवलं. "अथून तुमाले हात घालता येते का आत?"

"हात नाही. हत्यारं जातात."

बशीर माझ्याकडं वळला. "सायेब, तुमीच म्हनले होते ना? बारीक छिद्राचं वरून काय समजते? उघडून पाह्यल्याबिगर काही खरं नाई."

माझंच लाडकं वाक्य माझ्या दारात परत आलं होतं. तेव्हा मला बोलता आलं असतं, की बाबा, बोंडाची गोष्ट वेगळी आणि पोटाची वेगळी. म्हणता आलं असतं, की डॉक्टरांना अजून दोन प्रश्न विचार. पण आपलं बोलणं कोणी ध्यानात ठेवलं याचं माणसाला बरं वाटतं. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "तुझं खरं आहे."

"भोकातून कोंबाकोंबी नको बाई," बशीर पूनम डॉक्टरांना म्हणाला. "पुरी शिवन उसवा. सगळं समोर दिसू द्या."

फॉर्म आला. त्यावर पद्धत लिहिली गेली. डॉक्टर म्हणाल्या, पेशंटची सही लागेल, पेशंटना मीच समजावून सांगते. बशीर घाईनं म्हणाला, "तुमी नका येऊ बाई, ती घाबरते. मी सांगतो." तो कागद घेऊन वॉर्डात गेला. फातिमा खिडकीजवळच्या खाटेवर मोसंबं सोलत होती. त्यानं ओळीवर बोट ठेवलं, तिनं साल बाजूला ठेवून हात पुसले आणि उर्दूत सही केली. कागद मराठीत होता. काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. खाली साक्षीदाराची जागा होती, तिथं मी सही केली.

ऑपरेशन चार तास चाललं. मग आम्हाला आत बोलावलं. पूनम डॉक्टर तोंडाला पट्टी बांधूनच एका ट्रेमध्ये काढलेला भाग घेऊन आल्या. नातेवाइकांना दाखवायची तिथे पद्धत आहे. मला पाहवेना. बशीर मात्र हात मागे बांधून वाकला, रुईचा गठ्ठा पारखायला वाकतो तसाच. त्यांनी चिमट्यानं बाजू सारून गाठ दाखवली. चिंचोक्यासारखी असेल असं मला वाटत होतं. ती लिंबाएवढी होती.

"पुरी निघाली?"

"कडा साफ दिसताहेत. आजूबाजूच्या बारीक गाठीही काढल्यात, त्या तपासायला जातील."

बशीरनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "म्हनून म्हनलं होतं बाई, उघडून करा. छिद्रातून हे कसं दाखवलं असतं तुमी मले?"

"असंच," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "दुर्बिणीनं केलं तरी शेवटी चार बोटांची चीर देऊन हे अख्खं बाहेर काढावंच लागतं. ते असंच तुमच्यासमोर आलं असतं."

त्यांच्या मनात काही नव्हतं, विचारलेल्याचं उत्तर दिलं इतकंच. ट्रे घेऊन त्या आत गेल्या. बशीर तिथंच उभा राहिला. छिद्रातून करतात म्हणजे आतल्या आत तुकडे करून काहीतरी ठेवून देतात, अशी त्यानं समजूत करून घेतली होती. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण त्यानं हात जातो का एवढंच विचारलं, आणि मी तेवढंही विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी फातिमाला ताप आला. सहाव्या दिवशी टाक्यांतून पू दिसला. सातव्या दिवशी चार-पाच टाके काढून जखम उघडी केली आणि आत औषधाची पट्टी भरली. रोज पट्टी काढायची, धुवायची, नवी भरायची, जखम तळापासून आपोआप भरेपर्यंत. बशीर ते बघून माझ्याजवळ आला.

"सायेब, उसवून ठेवली तिले. शिवूनच नाई राह्यले."

आठव्या दिवशी अभ्यासाचं रक्त घेतलं. बशीर पूनम डॉक्टरांच्या मागे मागे व्हरांडाभर फिरला. पहारा जागेवर आला का, एवढंच त्याला हवं होतं. त्या म्हणाल्या, "जखमेत पू असताना तो जखमेवरच असणार. थोडा धीर धरा." छिद्रांनी केलं असतं तर पू झाला नसता का, असंही त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "लहान जखमेत कमी होतो. पण तुमच्या पेशंटला झालाच नसता, असं मी शपथेवर नाही सांगू शकत."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आम्हाला सगळ्यात जड गेली. तपासायला पाठवलेल्या बारीक गाठींपैकी दोनमध्ये कॅन्सर सापडला होता. म्हणजे किमोथेरपी लागणार. ती शक्यतो आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, पण पोटाची जखम भरल्याशिवाय सुरू करता येणार नव्हती.

मग आम्ही आठवडे मोजत बसलो. बशीर सकाळी उठून आधी तिची जखम बघे, मग भिंतीवरचं कॅलेंडर. गावातली परिचारिका पट्टी बदलायला येई तेव्हा तो वाटीतल्या पाण्याचा रंगसुद्धा बघे. चौथा आठवडा गेला, सहावा गेला. आठव्या आठवड्यात जखम करंगळीएवढी उरली होती, पण उरलीच होती. त्या आठवड्यात तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि अर्धा तास काहीच बोलला नाही. मला त्याची भीती वाटली. आमच्या भागात त्या वर्षी ओट्यावर गप्प बसणाऱ्या माणसाची सगळ्यांनाच भीती वाटत होती. शेवटी म्हणाला, "गाठ तर डॉक्टरीननं काढली हो. पन तिच्या पाठीमागं एखादा दाना सुटला असन, अन् पहारेकरी सगळे जखमेवर गुंतले असतीन, तर त्याले धरन कोन? मीनच वेस उघडी ठेवली ना?"

मी म्हणालो, असं काही नसतं. पण असतं की नसतं हे मला कुठं ठाऊक होतं.

किमो दहाव्या आठवड्यात सुरू झाली. सहा महिने चालली. बशीरनं घराला पहाराच बसवला. दारात शिंकलेलं माणूस आत येत नसे. कौशल्याबाईनं शेगावचा अंगारा आणून भिंतीवरून दिला, फातिमाच्या बहिणीनं सैलानीच्या दर्ग्याला नवस बोलला, आणि बशीरनं दोन्ही गोष्टी सारख्याच अदबीनं घेतल्या. रक्ताचा प्रत्येक रिपोर्ट तो आधी माझ्याकडं आणी. पांढऱ्या पेशी किती, मागच्या वेळेपेक्षा किती कमी. मी आकडे वाचायचो आणि तो माझ्या तोंडाकडं बघायचा. जो डॉक्टर भेटेल त्याला त्याचा एकच प्रश्न असे: उघडून करायला लावलं हे माझं चुकलं का? मेहकरच्या डॉक्टरनं नाही म्हटलं, औरंगाबादच्या किमोच्या डॉक्टरनं आता तो विचार सोडा म्हटलं, एका होमिओपॅथीवाल्यानं चुकलंच म्हटलं. त्याला कशानंच बरं वाटलं नाही.

फातिमाला त्यानं हा प्रश्न कधी विचारला नाही. तिला आजाराचं नाव अजून आम्ही सांगितलेलंच नव्हतं. केस गेल्यावर ती एकदा भिंतीपलीकडून मला म्हणाली, "भाऊ, सुजेच्या दवाईनं कोनाचे केस जातात हो?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वाटी घेऊन आत गेली.

पहिलं वर्ष सुखरूप गेलं. फातिमाच्या डोक्यावर आखूड करडे केस आले, ती परत ओट्यावर बसून उशा भरायला लागली. मग दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या पोटावरच्या व्रणाजवळ फुगवटा आला. उभी राहिली की लिंबाएवढा दिसे, आडवी झाली की जाई. लिंबाएवढा हा शब्द बशीरनं उच्चारला आणि जुने सगळे रिपोर्ट काढून माझ्यापुढं ठेवले. औरंगाबादला नेईपर्यंतचे पाच दिवस त्या माणसानं चहाखेरीज काही पोटात घेतलं नसेल.

स्कॅन झाला. पूनम डॉक्टर अजून तिथंच होत्या, आता हाताखाली दोन नवे डॉक्टर होते. त्या म्हणाल्या, हा हर्निया आहे. जुन्या चिरेच्या जागी पोटाची भिंत कच्ची राहिली, तिथून आतडं पुढं येतं. जाळी बसवावी लागेल. "आणि स्कॅनमध्ये यकृतावर एक बारीक ठिपका आहे. बहुधा साधी पाण्याची गाठ असावी. आधी नव्हता, म्हणून ऑपरेशनच्या वेळी बघून घेऊ."

बशीर खाली बसला. खुर्ची होती तरी जमिनीवर बसला.

या वेळी फातिमा खोलीतच होती. कोणी तिला बाहेर पाठवायच्या आत ती खुर्ची ओढून बसली होती. नर्सनं फॉर्म आणला आणि सवयीनं बशीरपुढं धरला. त्यानं पेन घेतलं, माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. त्याचा हात कागदावर थांबला तो थांबलाच. मग त्यानं कागद आणि पेन दोन्ही फातिमाच्या मांडीवर ठेवले.

"तूच विचार बाईले," तो म्हणाला.

फातिमानं घाई केली नाही. "दोन तऱ्हा आहेत ना बाई? मागच्या वक्तीही असन. सांगा मले."

डॉक्टरांनी सांगितलं. तेच चित्र, तीच टिंबं.

"छिद्र केवढं राह्यते?"

"बोटभर."

"अन् आतलं दिसते का तुमाले?"

"पडद्यावर मोठं होऊन दिसतं. यकृतही सगळं फिरून बघता येईल."

"कॅन्सर तथी गेला असन तर तेही दिसन?"

तो शब्द तिनं इतक्या सहज घेतला की बशीरचं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी हो म्हटलं.

"मंग तसंच करा," फातिमा म्हणाली. "मी जनमभर उशा भरल्या बाई. तीन बाजू शिवून घ्याच्या, चार बोटं जागा ठेवाची, तेवढ्यातून छडीनं रुई कोपऱ्याकोपऱ्यात पोचवाची. अख्खी उशी कोनी उसवत नाई. माह्या एका उशीत गोळा राह्यला असन तर सांगा." आणि तिनं सही केली. साक्षीदार म्हणून नर्सनं एका दुसऱ्या बाईची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दोन तासांत ऑपरेशन झालं. पूनम डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून कॉम्प्युटरवर चित्रं दाखवली. गुळगुळीत तपकिरी यकृत, त्यावर पाण्याच्या थेंबासारखी एक निरुपद्रवी गाठ. त्यांनी हळूहळू सगळं पोट फिरवून दाखवलं, उजवा कोपरा, डावा कोपरा, जिथं जोड दिला होता ती जागा. काहीच नव्हतं. त्या वीतभर चिरेतून आम्हाला कोणी दाखवलं असतं तरी इतकं स्पष्ट दिसलं नसतं. बशीर पडद्याच्या अगदी जवळ गेला. "सगळं समोरच दिसते हो हे," तो म्हणाला, आणि रडला. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिसऱ्या दिवशी फातिमा उशीला टेकून चहा पीत होती. सकाळी ती आपल्या पायांनी व्हरांड्यात चक्कर मारून आली होती. मी आणि बशीर खाटेशेजारी बसलो होतो. आता त्याचा जीव हलका झाला असेल असं मला वाटलं होतं, पण दीड वर्षाची सवय अशी जात नाही. सगळ्या डॉक्टरांना विचारून झालं होतं. त्यानं प्रथमच तिला विचारलं.

"त्या वक्ती मीन उघडून कराले लावलं. पू झाला, पहारा ढिला पडला, दवाईले उशीर झाला. माहं चुकलं का?"

फातिमानं कप खाली ठेवला. ती चिडलेली नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो.

"पहाऱ्याचं मले समजत नाई," ती म्हणाली. "कदाचित मीही उघडूनच म्हनलं असतं, काय माहीत. पन रुबिनाच्या अब्बा, लोकाची गादी उसवाची तर तुमी मालकाले अंगनात उभं करता. मालक नसला तर सायकल घेऊन वापस येता. माह्या वक्ती मालक कोन होतं?"

बशीरनं तिचा रिकामा कप उचलला आणि धुवायला नळावर गेला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण मला खुर्चीत बसवेना. त्या पहिल्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.